माझं फुगलेलं पोट

धोतराला बटण नसतं, हे एक बरं. पँटवाल्याचं पोट वाढलं की चारचौघांत कळतं. धोतरवाला गडी निऱ्या चार कमी घालतो आणि गप बसतो. पण माझ्या निऱ्या कमी झालेल्या बायकोनं हेरल्या.

"आवं, पोट फुगलंय तुमचं."

"धोतार आटलंय."

"बरं आटतंय, पोटापाशीच."

मग मी म्हणालो, गॅस आहे. आमच्या कोरेगावकडं वाघ्या घेवडा पिकतो, त्यामुळं आळ घ्यायला घेवडा घरातच असतो. घेवडा बंद झाला. पोट उतरलं नाही. मग रातचं दूध बंद झालं. कोठा साफ व्हावा म्हणून एरंडेल झालं. किराणा दुकानवाला माझा दोस्त म्हणाला, "तू घास न चावता गिळतोस गड्या, संगं वारं बी गिळतोस." तेव्हा म्हातारपणी मी शेळीसारखा रवंथ करायला लागलो. बायको रोज ओवा, हिंग आणि काळं मीठ हातावर ठेवायची. ढेकर यायचे, पोट आपलं जागच्या जागी.

माझ्या थोरल्या भावाचं पोट असंच फुगलं होतं. लिव्हर खराब होऊन पोटात पाणी झालं आणि त्यातच तो गेला. त्यामुळं घरात कुणी दवाखान्याचं नाव काढलं की मी "गॅस" म्हणायचो, जरा मोठ्यानं.

आणखी एक भानगड होती. लघवीला बसलं की जोर लावावा लागायचा, थेंब थेंब व्हायची आणि उठलो की परत जावंसं वाटायचं. ही काय बायकोला सांगायची गोष्ट आहे? शेतीची लाईट रातची येते. मी अंथरुणातून उठायचो आणि म्हणायचो, "मोटर बघून येतो."

शेवटी बायकोनं लेकीला फोन केला. लेक सांगलीजवळ माधवनगरला दिलीय. तिनं तिकडच्या दवाखान्यात नंबरच लावला. एसटी दारावरनं जाते, पण मी रेल्वेचा हट्ट धरला. एसटीच्या हादऱ्यानं गॅस चढतो म्हणालो. खरं कारण, रेल्वेला संडास असतो.

डॉक्टरीणबाई माझ्या नातीच्या वयाची.

"आजोबा, काय होतंय?"

"गॅस."

"ते मी ठरवते. तुम्ही झोपा."

तिनं बोटं ठेवून पोट वाजवलं. बेंबीच्या वर हलगीसारखं वाजलं, खाली भरल्या पोत्यासारखं मुकं.

"गॅसनं फुगलेलं पोट चढतं, उतरतं. तुमचं उतरतं का?"

"न्हाई."

"लघवी साफ होते?"

"व्हय. तरण्या गड्यावानी."

बायको स्टुलावर बसली होती. ती पदर सावरत म्हणाली, "बाई, ह्यांची मोटर रातभर चालू-बंद हुतीया. पर आमचा ऊस वाळून चाललाय."

लेकीनं तोंड भिंतीकडं फिरवलं. हसू दाबताना तिचे खांदे हलत होते. मी छताकडं बघत राहिलो.

सोनोग्राफी झाली. मी एवढंच विचारलं, "पोटात पाणी हाय का?"

"नाही. लघवीची पिशवी तुडुंब भरलीये. प्रोस्टेटची गाठ वाढून वाट अडलीये, आणि मागं दाब जाऊन किडन्या सुजल्यात. किती बिघडल्यात, ते रक्त तपासल्यावर कळेल. आजोबा, हे आधी सांगायचं होतंत."

"इचारलंच न्हाई कुनी."

"आता विचारलं, तर तरणा गडी म्हणालात."

लघवीच्या वाटेनं नळी घातली. ते कसं झालं हे मी लिहिणार नाही. नळीला जोडलेली प्लास्टिकची पिशवी भरली, ओतली, परत भरली. माझं पोट हळूहळू खाली बसायला लागलं. बायको चादर वर करून सारखी बघायची.

"काय बगतीस?"

"धोतार सैल झालं का बगती."

रक्ताचा रिपोर्ट दुसऱ्या दिवशी यायचा होता. लेक चहा आणायला खाली गेली. आम्ही दोघंच होतो, तेव्हा मी म्हणालो, "मला थोरल्याचंच वाटलं हुतं."

तिनं माझ्या पायावरची चादर नीट केली. मग म्हणाली, "मलाबी."

"मग रोज ओवा-हिंग कशाला देत हुतीस?"

"तुमी गॅस म्हनत हुता. मलाबी गॅसच पायजे हुता."

दुसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाई रिपोर्ट घेऊन आली. किडन्यांना मार बसलाय, पण सावरतील म्हणाली. नळी काही दिवस राहील, मग गाठीचं ऑपरेशन. तोवर पिशवी मांडीला बांधून हिंडायचं.

मी म्हणालो, धोतरात दिसायची नाही.

"मी सांगीन की सगळ्यास्नी," बायको म्हणाली, आणि माझ्या मऊ पडलेल्या पोटावर हात ठेवून तिथंच बसून राहिली.