साळवे बाई आणि इंजिनाचं कपाट

फोन आला तेव्हा मी ट्रॅक्टरखाली उताणा पडलेलो होतो. बाईंच्या भाच्यानं सांगितलं, "मिस्त्रीकाका, मावशी गेली. सकाळी चहा ठेवला आणि बसल्या जागी…" मी तसाच निघालो. हात धुवायचं ध्यानातच राहिलं नाय. त्यांच्या घरी वंदना चालली होती, पांढऱ्या कपड्यातली माणसं बसली होती, आणि मी काळ्या हातानं दारात उभा. कुणी विचारलं, "हे कोण?" भाचा म्हणाला, "मावशीचे शुक्रवारचे." तेवढी ओळख मला पुरली. महिना झाला त्याला. रडगाणं लिहायला मी बसलेलो नाय. बाई जिंकून गेल्या आणि मलाही जिंकवून गेल्या, ते सांगायला बसलोय.

माझं गॅरेज जालना रोडला. पाण्याची, गिरणीची, ट्रॅक्टरची डिझेल इंजिनं उघडण्यात पन्नासेक वर्षं गेली. शाळा चौथीपर्यंत, आणि ती पण मास्तरच्या दयेवर. बारा वर्षांखाली, मी साठीला टेकलो होतो तेव्हा, एका कंपनीचा इंजिनिअर माझ्या गिऱ्हाइकासमोर म्हणाला, "मिस्त्रींचा हात चांगलाय, पण सगळं अंदाजपंचे. थिअरी नाही ना." हसत म्हणाला, चहा माझाच पीत म्हणाला. मला ते लई लागलं. कारण खोटं नव्हतं. इंजिन कसं बसवायचं ते मला झोपेत येत होतं. ते तसंच का, हे कुणी विचारलं तर मी पान्हा वाजवून विषय बदलत होतो. मी ठरवलं, मरायच्या आधी हे 'का' शिकायचं.

औरंगपुऱ्यातली दुकानं पालथी घातली. दुकानदार परीक्षेची गाईडं पुढं टाकायचे. एकात प्रश्न होता, डिझेल इंजिनाला स्पार्क प्लग का नसतो? खाली उत्तर: ब. मी ते पुस्तक परत नेऊन दिलं आणि म्हणालो, "ह्या ब ला विचारा, का नसतो."

मग कुणीतरी सांगितलं, इंजिनिअरिंग कॉलेजात मोठी लायब्ररी आहे. तिथं वॉचमननं अडवलं. आमची हुज्जत ऐकून एक ठेंगणी बाई बाहेर आली, चष्मा डोक्यावर, हातात खळीची वाटी. "कुणाला भेटायचंय?"

"पुस्तकाला," मी म्हणालो.

त्या हसल्या नाहीत. "कोणत्या?"

"ते माहीत असतं तर तुमच्यापर्यंत आलो असतो का?"

"या आत," साळवे बाई म्हणाल्या. "पण हात धुवून."

बाहेरच्याला पुस्तक घरी देता येत नव्हतं, बसून वाचता येत होतं. शुक्रवारी माझं गॅरेज बंद, म्हणून शुक्रवार ठरला. बाई शिकलेल्या मराठी साहित्य. इंजिनातलं त्यांना काडीचं कळत नव्हतं, आणि हेच माझ्या पथ्यावर पडलं. प्रोफेसर लोकांना विचारलं की ते सगळ्यात जाड पुस्तक दाखवायचे. बाईंची रीत निराळी. आठवडाभर त्या स्वतः पुस्तकाचं पहिलं प्रकरण वाचायच्या. त्यांना कळलं तर पुस्तक माझ्या टेबलावर, नाय कळलं तर कपाटात परत. म्हणायच्या, "लिहिणाऱ्याला स्वतःला कळलेलं असलं तर माझ्यासारखीलाही कळतं. आकृती काढून पळून जातो तो माणूस खरा नव्हे." अशी तीस-बत्तीस पुस्तकं चाळून त्यांनी एक इंग्रजी पुस्तक काढलं, बारीक, पाठीचा कागद निघालेला. त्या वाचून मराठीत सांगायच्या, मी ऐकायचो. एकदा म्हणाल्या, "आता हा जोडदांडा खाली येतो." मी म्हणालो, "बाई, कनेक्टिंग रॉड म्हणा. जोडदांडा म्हणालो तर गिऱ्हाईक पळून जाईल."

पण पन्नास पानांवर गाडी अडली. आकडे आले. पुढच्या शुक्रवारी टेबलावर आठवीचं गणित आणि नववीचं विज्ञान. माझं डोकं फिरलं. "नातवाची पुस्तकं मला देता?"

"आधी उष्णता, मग इंजिन, मग डिझाइन. पाया न भरता पहिला मजला बांधता का तुम्ही?"

"मी गवंडी नाय."

"मग मिस्त्री म्हणून तरी वाचा."

मी उठून गेलो. दोन शुक्रवार गेलो नाय. तिसऱ्या शुक्रवारी गेलो तर दोन्ही पुस्तकं तिथंच, माझ्या खुर्चीसमोर उघडी. बाई पुस्तकाच्या पाठीला खळ लावत होत्या. मी बसलो. वर्गमूळ शिकायला मला पाच महिने लागले.

एकदा मात्र मी बाईंना पकडलं, असं मला वाटलं. पुस्तकात बाण काढलेला, इंजिन घड्याळाच्या काट्यासारखं फिरतं. मी बोट आपटलं. "खोटं! चाळीस वर्षं बघतोय, उलटं फिरतं. तुमचं हे चांगलं पुस्तक चुकलंय." बाईंना कळेना. त्या पदर खोचून थेट माझ्या गॅरेजात आल्या. इंजिन चालू केलं. मी नेहमीच्या जागी उभा, फ्लायव्हीलकडं. "बघा." बाईंनी पाहिलं, पुस्तकातलं चित्र पाहिलं, आणि चालत इंजिनाच्या पलीकडं, पुलीच्या बाजूला गेल्या. तिथून हाक मारली, "मिस्त्री, इकडं या जरा." गेलो. तिथून ते काट्यासारखंच फिरत होतं… चाळीस वर्षं मी एकाच बाजूला उभा होतो. बाई म्हणाल्या, "पुस्तकानं चित्र इकडून काढलंय, बाकी काही नाही." त्या दिवशी चहा मी पाजला.

आणि मग करमाडकडच्या गिरणीचं इंजिन आलं. दर महिन्याला हेड गॅस्केट, म्हणजे हेड आणि ब्लॉकमधलं पातळ पॅकिंग, उडायचं. तोच कंपनीचा इंजिनिअर, आता मोठा साहेब झालेला, तीनदा गॅस्केट बदलून गेला होता. म्हणे माल खराब. मी पिस्टन वर आणला, इंजेक्टर काढला आणि त्या भोकातून दवाखान्याच्या सिरिंजनं तेल भरत गेलो, मोजत गेलो. नव्वद सीसी जागा पाहिजे तिथं पंच्याहत्तरच निघाली. कुणीतरी ब्लॉकचं तोंड घासून घासून खाली आणलं होतं. हवा सतरापट दाबायची ती वीसपट दाबली जात होती. गॅस्केट बिचारं काय करणार? साहेबाला बोलावलं आणि त्याच्यासमोर खडूनं जमिनीवर हिशेब मांडला. तो खाली वाकून बघत राहिला.

"हे अंदाजानं काढलं?"

"अंदाज नाय साहेब, भागाकार."

त्यानं स्वतः मोबाइलवर करून पाहिलं. तेवढंच आलं. मग टोपी काढल्यासारखा चष्मा काढला आणि विचारलं, "मिस्त्री, कुठं शिकलात?"

"शुक्रवारी," मी म्हणालो.

हे बाईंना सांगायला मी सायकल दामटत गेलो. वाटलं, शाबासकी देतील. बाई म्हणाल्या, "बरं झालं. पण सतराच का? बारा का नको?" मी सांगायला लागलो. कमी दाबली तर हवा पुरती तापत नाय, डिझेल पेटत नाय… त्यांना कळेपर्यंत लायब्ररी बंद व्हायची वेळ झाली. कळलं तेव्हा त्यांनी टेबलावर थाप मारली, खळीची वाटी सांडली. बारा वर्षांत बाईंनी नियम मोडून आवाज केला तो तेवढाच.

परवा प्राचार्यांचं बोलावणं आलं. लायब्ररीतली जुनी पुस्तकं काढायची होती. कोणती ठेवायची हे ठरवायला समिती. बाईंनी जायच्या आधीच समितीचा कागद भरून ठेवला होता, आणि इंजिनाच्या कपाटापुढं माझं नाव लिहिलं होतं. मी दिवसभर त्या खोलीत होतो. शंभरावर पुस्तकं हाताखालून घातली, चाळीस ठेवली. एका तरुण प्रोफेसरानं विचारलं, "एवढं महागाचं का काढता?" मी म्हणालो, "वाचून बघा आणि मला सांगा." तो वाचायला बसला. अर्ध्या तासानं त्यानं स्वतःच ते काढायच्या ढिगावर ठेवलं.

संध्याकाळी तो कागद सहीला आला. माझ्या वर दोन डॉक्टर, एक प्राचार्य, त्यांच्या पदव्यांच्या लांबच लांब शेपट्या. माझ्या नावापुढं 'पात्रता' असा रकाना होता. वाटलं तो रिकामा असेल. नव्हता. बाईंच्या उभट, ठसठशीत अक्षरात लिहिलेलं होतं: 'पुस्तक आणि इंजिन, दोन्ही वाचता येतं.'

प्राचार्य म्हणाले, "हे बदलायचं का? अनुभवी तंत्रज्ञ वगैरे लिहू."

"हात लावू नका," मी म्हणालो, आणि खाली सही केली. बापाचं नाव, आडनाव, सगळं पुरतं लिहिलं.