चंद्याची मांजरं

दुष्काळाच्या त्या दिवसांत जालन्यात माणसांनाच दूध मिळत नव्हतं, अन् मी मांजरांसाठी दूध मागत दारोदार फिरत होते. आज सांगताना माझी मलाच लाज वाटते. तेव्हा वाटत नव्हती. तेव्हा नुसते पाय दुखायचे.

मी शाळेत शिकवायची. आमच्या घराशेजारच्या वाड्यात एक रिटायर नर्सबाई भाड्याच्या खोलीत एकट्या राहायच्या. सगळा जन्म खेडोपाडी बाळंतपणं करण्यात गेलेला. खडी फोडायच्या कामावर जाणारी कुटुंबं घराला कुलूप लावून जायची आणि मांजर मागं राहायचं. तसली पाच मांजरं नर्सबाईंच्या दारात जमली. घरमालकानं बजावलं, महिनाअखेरपर्यंत एकही मांजर दिसता कामा नये, नाहीतर खोली खाली करा. जात विचारून दार लावणारी घरं नर्सबाईंनी पुष्कळ पाहिली होती. ही खोली गेली तर शहरात दुसरी मिळणं कठीण, हे आम्हा दोघींनाही ठाऊक होतं.

मंग मीच पुढं झाले. शहाणी ना मी! शाळा सुटली की निघायचं. वाटीभर दूध द्या, शिळी भाकर द्या, जमेल तेवढा चंदा द्या, अन् होत असेल तर एक मांजर घरी न्या. मोंढ्यातल्या आडत दुकानांत उंदीर ज्वारीची पोती कुरतडायचे, तिथं चार मांजरं खपली. मी खूश.

पण मांजर मारलं की काशीला सोन्याचं मांजर वाहावं लागतं, म्हणून आपल्याकडं कोणी मारत नाही. पोत्यात घालून लांब सोडून येतात. माझ्या फिरण्यानं सगळ्या गावाला सोडायची जागा कळली. चंदा देणाऱ्यांना तर तो आपला हक्कच वाटायला लागला. सकाळी नर्सबाईंच्या उंबऱ्याशी पोतं ठरलेलं. एका कापडवाल्यानं मला भर रस्त्यात अडवून सांगितलं की चंदा दिलाय, दोनच पिल्लं आहेत, ठेवून घ्या. घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं! चार मांजरं गेली, नऊ आली.

मी चंदा मागणं बंद केलं, तरी पोती यायची थांबली नाहीत. नर्सबाई गुडघे धरून खाली बसायच्या, गाठ सोडायच्या आणि आतलं पिल्लू पदरात घ्यायच्या. मला गावाचा राग यायचा, नर्सबाईंचा यायचा, सगळ्यात जास्त माझा स्वतःचा.

महिना संपता संपता हातापाया पडून मी बाकीची मांजरं वाटली. एक तेवढी उरली, म्हातारी आणि दोन्ही डोळ्यांनी आंधळी. तिला कोण घेणार?

"बाई, तुमी ठेवता का हिला?" नर्सबाईंनी विचारलं. "फक्त हिलाच."

मी सासूबाईंचं कारण सांगितलं. सासूबाईंना मी विचारलंसुद्धा नव्हतं. मला मांजरांचा वीट आला होता, दुधाचा आला होता, लोकांच्या तोंडांचा आला होता.

"मंग मी हसनाबादला बहिनीकडं जाते," त्या म्हणाल्या. "हिला टाकून मला राहवायचं न्हाई."

दुसऱ्या दिवशी मी त्यांची ट्रंक स्टँडवर पोचवली. मांजर टोपलीत, वर फडकं बांधलेलं. एसटी सुटेपर्यंत मी थांबणार होते, पण शाळेला उशीर होऊन राह्यला म्हणत त्यांनीच मला परत पाठवलं. रागाचा एक शब्द नाही. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

दोन दिवसांनी सकाळी त्यांच्या कुलपाखाली पुन्हा पोतं. आत बारीक आवाज चाललेला. मी बराच वेळ दारात उभी राहिले. मंग पोतं उचललं आणि मागच्या गल्लीतल्या एका घराच्या ओट्यावर ठेवून आले. त्या घरानं एकही दिवस मला रिकाम्या हातानं पाठवलं नव्हतं. ती माणसं पोतं उघडतील, याची मला खात्री होती.