गोळाफेकीच्या फोटोतले दंड

आमच्या स्टुडिओत फोटो मी काढते आणि माणसं ती सुधारते. तिला सगळे ‘रबर’ म्हणतात. डाग, मुरूम, दुहेरी हनुवटी, डोळ्यांखालची काळी वर्तुळं, कॉम्प्युटरवर बसून काय वाट्टेल ते ती पुसते. गिऱ्हाईक काउंटरवर वाकून हळूच म्हणतं, “जरा हात फिरवा हं,” आणि रबर मान वर न करता म्हणते, “फिरवते.” पंचविशीही न गाठलेली मुलगी, पण अख्ख्या वस्तीला बारीक करून बसलीय.

स्वतःचा फोटो मात्र तिने कधी काढू दिला नाही. मी कॅमेरा उचलला की ही कपाटामागे. ऐन उन्हाळ्यात पंखा बंद पडला तरी लांब बाह्यांचं जाकीट अंगावर. “अगं, उकडून मरशील,” म्हटलं की म्हणायची, “मेले तरी चालेल, दंड दिसता कामा नयेत.” दंड तिचे जाड आहेत, खोटं कशाला बोलू? शाळेत कुणीतरी त्यावरून तिला काहीतरी नाव ठेवलं होतं, ते तिने मला आजवर सांगितलेलं नाही. तिला लाज वाटायची आणि मला तिच्या त्या लाजेचा राग यायचा.

तिच्या थोरल्या बहिणीची मुलगी सातवीत आहे. अंगापिंडाने हुबेहूब मावशी, तेच रुंद खांदे, तेच दंड. फरक एवढाच की भाची त्या दंडांनी गोळा फेकते. शाळांच्या स्पर्धेत ती पहिली आली, पुढच्या फेरीसाठी निवडली गेली, आणि शाळेने फाटकावर लावायला तिचा मोठा फोटो मागवला. पोरगी बिनबाह्यांच्या खेळाच्या बनियनमध्ये आली, गोळा मानेशी धरून उभी राहिली आणि तिने माझ्याकडे असं बघितलं की मी दोन पावलं मागेच सरकले. मी फोटो काढला. रबरने हात फिरवला आणि मला न दाखवताच शाळेत पाठवून दिला.

वाईट हेतू होता का? छे! भाचीवर तिचा जीव. माय मरो पण मावशी जगो म्हणतात ना, त्यातली ही मावशी. मला वाटलं, सवयीने हात फिरला असेल.

पुढच्या आठवड्यात भाची स्टुडिओत आली. भर दुपारी, अंगात लांब बाह्यांचं जाकीट, चेन गळ्यापर्यंत ओढलेली.

“मावशी, माझे दंड कुठे गेले?”

रबर कीबोर्डवर वाकली.

“सगळे विचारतात, या काड्यांनी गोळा फेकतेस होय? मी म्हटलं, फोटो चुकलाय. तर एक जण म्हणाली, तुझ्या मावशीलाच तुझे दंड बघवले नाहीत!” पोरीने जाकिटाच्या बाह्या मनगटाखाली ओढल्या. “रविवारच्या फेरीत मी जाकीट घालूनच फेकणार. सर म्हणतात, त्यात हात मोकळा सुटणार नाही. नाही सुटला तर नाही.”

“तुझे दंड छान आहेत गं,” रबर म्हणाली.

“मग पुसलेस कशाला?”

एरवी मी मध्ये तोंड घातलं असतं. या वेळी कॅमेऱ्याची लेन्स पुसत बसले.

“मला माझे आवडत नाहीत,” रबर कशीबशी म्हणाली. “तुझे अगदी तसेच दिसले. आणि हात गेला.”

“म्हणजे मी तुझ्यासारखी दिसते म्हणून?” भाची तिच्याकडे बघतच राहिली. “मी तर सगळ्यांना सांगत होते, मी मावशीवर गेलेय.”

धरणीने पोटात घ्यावं असं होणं म्हणजे काय, ते मी त्या दिवशी समोर पाहिलं. आजवर रबरला आपल्या अंगाची लाज वाटत होती, आता आपल्या कामाची वाटली. तिने मूळ फोटो छापला आणि शाळा सुटायच्या वेळी, पोरापोरींच्या देखत, शिडीवर चढून फाटकावरचा फोटो स्वतः बदलला. भाचीने जाकीट काही काढलं नाही. “बघू,” एवढंच म्हणाली.

रविवारी रबरने मला मैदानावर ओढत नेलं. अर्ध्या बाह्यांचा शर्ट घातला होता, पण वाटभर दोन्ही हातांनी दंड झाकून, हुडहुडी भरल्यासारखी चालली. “सगळे बघतायत,” प्रेक्षकांत बसल्यावर ती म्हणाली.

“काळं कुत्रं बघत नाहीये तुझ्याकडे,” मी म्हटलं. खोटंच होतं ते. पुढच्या रांगेतल्या दोघी वळून बघून हसल्या होत्या, आणि तिनेही त्यांना पाहिलं होतं. “परत जाऊ या,” ती पुटपुटली, पण उठली नाही.

भाचीचं नाव पुकारलं. ती जाकिटातच आली. गर्दीत तिने मावशीला शोधलं आणि तिच्या उघड्या हातांकडे जरा वेळ बघितलं. मग चेन खाली ओढली, जाकीट सरांकडे दिलं आणि गोळा उचलला.

तो किती लांब गेला, मला सांगता येणार नाही. मी रबरकडे बघत होते. ती उभी राहून टाळ्या वाजवत होती. प्रत्येक टाळीसरशी तिचे दंड हलत होते, त्या दोघी पुन्हा वळून बघत होत्या आणि शरमेने तिचे कान लाल झाले होते. तरी ती टाळ्या वाजवत राहिली.