अॅपवर बंद असलेला कूलर

घर सोडायच्या दिवशी मी रडले नाही, कारण राउटरचं अपडेट अडकलं होतं. दारात टॅक्सी उभी होती, दोन्ही बॅगा डिकीत गेल्या होत्या, शेजारच्या शोभाकाकू ओवाळायचं ताट घेऊन ताटकळल्या होत्या आणि मी हॉलमध्ये स्टुलावर चढून कॅमेऱ्याचा कोन ठीक करत होते. बाबा खालून स्टूल धरून उभे होते. "चाल वं मनू आता," ते म्हणाले, "इमान तुह्यासाठी थांबून नाही राहणार." मी म्हटलं, फक्त दोन टक्के राहिलेत. त्यावर त्यांनी काकूंकडे पाहून मान हलवली. पोरगी चालली परदेशात आणि जीव अडकला भिंतीवरच्या डब्यात, असा त्यांचा चेहरा होता.

टॅक्सी गावाबाहेर कन्हान नदीच्या पुलावर आली तेव्हा मी फोन उघडला. मी नसताना आमचं घर कसं दिसतं, ते मला पहिल्यांदाच दिसलं. बाबांनी दार लावलं, स्टूल जागेवर ठेवलं, थोडा वेळ पंख्याखाली उभे राहिले. मग परत जाऊन दार उघडलं आणि रस्ता पाहून आले. तेव्हा मात्र मला रडू आवरेना. ड्रायव्हरने आरशातून पाहिलं आणि गाण्यांचा आवाज कमी केला.

आता मी नेदरलँड्समध्ये, आइंडहोवन नावाच्या गावात राहते. इथे सायकलने ऑफिसला जाते, दुपारी थंड ब्रेड खाते, आणि पारा अठ्ठावीसवर गेला की ऑफिसातून 'पाणी पीत राहा' असा मेल येतो. तो मेल मी दरवर्षी बाबांना वाचून दाखवते. आमच्या नागपूरजवळच्या कन्हानला तेव्हा घराच्या भिंतीसुद्धा गरम असतात. बाबा पोट धरून हसतात, म्हणतात, "अठ्ठावीसले तर आपण पांघरूण घेतो वं."

बाबा कोळशाच्या खाणीतून रिटायर झाले. सगळं आयुष्य जमिनीखाली उतरण्यात गेलं, पण भीती हा शब्द त्यांच्या तोंडी मी कधी ऐकला नाही. भ्यायचं काम आईकडे होतं. शिफ्ट सुटायची वेळ झाली की ती फाटकाशी जाऊन उभी राहायची, सायकलची घंटी ऐकू आली की काहीच झालं नाही अशा थाटात आत येऊन कणीक मळायला बसायची. आई गेली त्याला बरीच वर्षं झाली आणि ते खातं माझ्याकडे आलं. आईजवळ ना फोन होता ना कॅमेरा, तरी ती दिवसातून एकदाच भ्यायची. माझ्याकडे तीन कॅमेरे आहेत, धुराचा सेन्सर आहे, बाबांच्या मनगटावर नाडी मोजणारं घड्याळ आहे, आणि मी दिवसभर थोडी थोडी भीत असते. जे बाहेर राहतात त्यांना हे सांगायला नको. तुमच्याही फोनमध्ये असं एखादं घर असेलच.

आमचा एक ग्रुप आहे. नागपूर सोडलेले आणि न सोडलेले, असे सगळे यंत्रवेडे लोक त्यात आहेत. कुणाचा टीव्ही अडकतो, कुणाच्या आईच्या फोनची बॅटरी फुगते, कुणाला वायफाय वरच्या खोलीपर्यंत न्यायचं असतं. प्रश्न कोणताही असो, पहिलं उत्तर ठरलेलं: बंद करून चालू केलं का? म्हणून ग्रुपचं नावच 'बंद-चालू मंडळ'. इथे कुणी कुणाला दुखलंखुपलं विचारत नाही, राउटरचं मॉडेल विचारतो. पण खरं सांगते, या परक्या गावात मला आपल्या माणसात बसल्यासारखं वाटतं ते तिथेच. "मॅडम, राउटर फ्रीजच्या मागं काहून ठेवला, थंड राहाले का?" असं कुणी लिहिलं की दिवस चांगला जातो.

मागच्या मे महिन्यात मी तिथे एक साधा प्रश्न टाकला. दुपारी आमचा हॉलचा कॅमेरा दोन-तीन मिनिटं गायब होतो, काय कारण असावं?

त्या वेळी काय चालायचं ते सांगते. आमच्याकडे खिडकीला लावलेला मोठा लोखंडी कूलर आहे, वाळ्याच्या ताट्यांचा. त्यात दुपारी एकदा पाणी भरावं लागतं. आणि कूलरला हात लावायचा तर आधी तो बंद हवा, हे नागपूरकडच्या शेंबड्या पोरालाही माहीत असतं. उन्हाळ्यात कूलरच्या करंटने माणूस गेल्याची बातमी ऐकली नाही असा उन्हाळा आमच्याकडे जात नाही. बाबांना वाकून कूलरची पिन काढायचा कंटाळा, म्हणून मी कूलरला स्मार्ट प्लग लावला होता. दुपारी एक वाजता तो आपोआप बंद व्हायचा आणि अर्ध्या तासाने चालू. बाबा खूश होते. सगळ्यांना सांगायचे, "माही पोरगी परदेशातून माहा कूलर बंद करते."

तर प्रश्नासोबत मी आदल्या दिवशीची कॅमेऱ्याची क्लिप टाकली. त्यात कूलर थांबतो, बाबा बकेट घेऊन येतात, पाणी ओततात, थोड्या वेळाने कूलर सुरू होतो आणि चित्र जातं. मग उत्तरं आली. कुणी म्हणालं राउटरचं चॅनेल बदला, कुणी म्हणालं कॅमेऱ्याचा अॅडॅप्टर हलका आहे. तुमसरच्या एका गृहस्थांनी नेहमीप्रमाणे बंद करून चालू करायला सांगितलं. मी सकाळी ऑफिसात कॉफी घेत हे सगळं वाचत होते आणि एकेकाला हसरे चेहरे पाठवत होते.

मग प्रफुल्लचा मेसेज आला. प्रफुल्ल नागपुरात मनीषनगरला राहतो, आम्ही कधी भेटलेलो नाही. त्याने लिहिलं होतं, "कॅमेऱ्याचं सोडा. कूलर बंद आहे, तर काका उलटा हात लावून झटका काहून खाऊन राहिले?"

मी क्लिप पुन्हा पाहिली. कूलरला आधी उलटा हात लावून पाहायचा, ही आमच्याकडची जुनी रीत. सरळ पंजा लावला आणि करंट असला तर मूठ आवळली जाते, सुटत नाही. उलटा हात झटक्याने मागे येतो. बाबा रोज तसं करताना मी शेकडो वेळा पाहिलं होतं. पण या वेळी हात लागला आणि मागे उडाला. बाबांनी तो झटकला, कॅमेऱ्याकडे पाहून हसले आणि बकेट उचलली. पायात रबरी चप्पल होती, म्हणून निभावलं. मला त्यांचं एकदाचं बोलणं आठवलं. "थोडा करंट मारते तो, पण आपल्याले ओळखते." मी तेव्हा हसले होते, कारण कन्हानला सगळ्यांचेच कूलर थोडा थोडा करंट मारतात. त्याची कुणी तक्रार करत नाही, पायात चप्पल घालतो आणि पुढे जातो.

मी लिहिलं, अॅपवर तर बंद दिसतोय. प्रफुल्ल म्हणाला, "अॅपचं काय घेऊन बसल्या? हा प्लग दोन तारांमधली एकच तार तोडते. जुन्या घरातल्या सॉकेटमध्ये तारा उलट जोडल्या असल्या तर करंटची तार जिवंतच राहते. पंखा थांबते, माणसाले वाटते बंद झाला. त्यात उन्हाळ्यात अर्थिंगचा खड्डा कोरडा पडला असंल, तर गळलेला करंट जमिनीत न जाता कूलरच्या टिनावर येते. काकाले फोन लावा. पिन काढून टाका म्हणा. आत्ता."

मी घड्याळ पाहिलं. कन्हानला एक वाजायला आला होता.

बाबांना फोन लावला. वाजत राहिला. दुपारी त्यांचा फोन आतल्या खोलीत चार्जिंगला असतो, आणि तसं शिकवलेलं मीच, बॅटरी रिकामी होऊ देऊ नका म्हणून. पुन्हा लावला. पुन्हा तेच. मग शोभाकाकूंना लावला. त्या गच्चीवर पापड गोळा करत होत्या. मी एका दमात सांगितलं, काकू, आमच्या घरी जा, बाहेरच्या बोर्डवरचा मेन स्विच पाडा, घरात कशालाच हात लावू नका. त्या म्हणाल्या, "काहून वं, काय झालं?" मी ओरडले, "काकू, पळा!" फोन पडल्याचा आवाज आला आणि जिन्यावर पावलं वाजली.

मी कॅमेरा उघडला. कूलर थांबलेला होता. अॅपवर तो बंद दिसत होता, माझ्या बोटाखाली बटण होतं, आणि ते कितीही वेळा दाबलं तरी तिथे काहीच बंद होणार नव्हतं. इतकी वर्षं जे यंत्र मला धीर देत आलं ते माझ्या हातात नुसता दगड झालं होतं. बाबा न्हाणीघरातून भरलेली बकेट घेऊन आले. फरशी ओली होती, नुकतीच पुसलेली. आणि बाबांच्या पायात चप्पल नव्हती. ओल्या फरशीवर डाग पडू नयेत म्हणून त्यांनी ती दाराशी काढून ठेवली होती.

त्या कॅमेऱ्यातून बोलताही येतं. मी माइकचं चिन्ह दाबून ओरडले, "बाबा, हात लावू नका! कूलरले हात लावू नका!" आजूबाजूचे डच लोक खुर्च्या फिरवून बघायला लागले. माझा आवाज तिथे पोचायला दोन-तीन सेकंद लागतात. पडद्यावर बाबा कूलरपाशी आले. त्यांचा उजवा हात वर आला, उलटा. आणि चित्र गेलं.

करड्या पडद्यावर 'कॅमेरा ऑफलाइन' एवढंच उरलं.

काकूंनी मेन पाडला असेल तरी असंच दिसणार होतं. करंट लागून घरातला फ्यूज उडाला असेल तरीही असंच. यंत्रांमधलं मला बरंच कळतं, पण या दोन गोष्टींमधला फरक त्या पडद्यावरून कुणालाच कळला नसता. नाडीचं घड्याळही त्याच राउटरवर चालायचं, तेही बंद. ग्रुपवर लोक विचारत होते, लागला का फोन? बाबांच्या फोनची रिंग वाजत होती, काकूंचा फोन कुणी उचलत नव्हतं. माझी मॅनेजर येऊन काहीतरी विचारून गेली, ती काय म्हणाली ते मला आजही आठवत नाही. मी टेबलाखाली जमिनीवर बसले. आईची मला इतकी आठवण आली. फाटकाशी उभं राहून तिने रोज हेच केलं असणार, आणि आम्ही तिला चिडवायचो.

मग बाबांच्या फोनवरून फोन आला, पण बोलत होत्या काकू. धापा टाकत होत्या. "पाडला वं मेन. सगळं बंद केलं. पण तुहे बाबा हलूनच नाही राहिले." "म्हंजे?" मी विचारलं. "अवं, उभे हाय ते. बकेट हातात घेऊन उभे हाय कूलरसमोर. मी म्हटलं भाऊजी, ठेवा ते खाली, तर ठेवून नाही राहिले. म्हणतात पोरगी बोलून राहिली." काकूंनी फोन त्यांच्या कानाला लावला.

"बाबा, बकेट ठेवा खाली," मी म्हटलं. पाणी हिंदकळल्याचा आणि बकेटची कडी पडल्याचा आवाज आला. मग मी जी रडले ती रडलेच, ऑफिसच्या जमिनीवर बसून. बाबा म्हणाले, "काहून रडतं? लागलं नाही मले काही. तू म्हटलं हात नको लावू, म्या नाही लावला." मी विचारलं, मग तसेच उभे का होतात, वजनाची बकेट घेऊन? "बत्ती गेली ना. तुहा आवाज बंद झाला," ते म्हणाले. "मले वाटलं, तू परत बोलशील."

संध्याकाळपर्यंत प्रफुल्ल स्वतः मनीषनगरहून कन्हानला जाऊन आला. सॉकेटमधल्या तारा खरंच उलट होत्या, अर्थिंगचा खड्डा खडखडीत कोरडा. दुसऱ्या दिवशी वायरमनने तो नव्याने कोळसा आणि मीठ घालून भरला, तेव्हा कोळसा कोणता चांगला यावर बाबांनी त्याला बराच वेळ शिकवणी दिली म्हणे. करंट गळला तर आपोआप सगळं पाडणारा स्विच मेनजवळ बसला. स्मार्ट प्लग मी काढायला लावला. कॅमेऱ्याचं कारणही निघालं, तो आणि कूलर एकाच हलक्या बोर्डावर होते. ग्रुपवर आता नवं पहिलं उत्तर चालतं: पिन काढली का? घरी आईवडील असतील तर तुम्हीही विचारा. अॅपवर विसंबू नका.

सगळं ठीक झालं, असं मी सगळ्यांना सांगते. तरी कन्हानला दुपारचा एक वाजायला आला की मी हातातलं काम सोडून फोन उघडते. घर म्हटलं की पूर्वी मला परतायची जागा आठवायची. आता डोळ्यांसमोर येतात ते बाबा, ओल्या फरशीवर अनवाणी, विझलेल्या कॅमेऱ्याकडे बघत, हातातलं ओझं खाली न ठेवता माझ्या पुढच्या शब्दाची वाट पाहणारे. मी हाक मारीन आणि ते ऐकणार नाहीत, अशी भीती मला इतकी वर्षं वाटत होती. आता वाटते ती निराळीच. ते ऐकतील, थांबतील, थांबूनच राहतील, आणि कधीतरी माझ्याकडून आवाजच जाणार नाही.