कोपरावरचं रफू

रफूवाल्या काकू गेल्या, तेव्हा पाळकांनी चर्चच्या घंटेवाल्याला दोन शब्द बोलायला सांगितलं. उभं राहिल्यावर त्याच्या लक्षात आलं, की आपल्याला काकूंबद्दल फारसं काही ठाऊकच नाही. तीस वर्षं दोघे शेवटच्या बाकावर बसले, त्या डाव्या टोकाला, तो उजव्या, घंटेच्या दोरीजवळ. एवढीच काय ती ओळख, आणि एक कोट. मग त्याने त्या कोटाचीच गोष्ट सांगितली.

काकूंच्या हाताला यश होतं. कपड्याच्याच आतल्या शिवणीतला धागा ओढून त्या भोक असं विणायच्या, की मालकालाही सापडू नये. मग डॉक्टरांनी बजावलं, बारीक काम बंद, नाहीतर आहे तीही नजर जाईल. काकूंनी सुया डब्यात घातल्या आणि डबा कपाटात.

"देवाने दिलेले डोळे जपायला नकोत का?" त्या म्हणाल्या. घंटेवाल्याने मान हलवली. त्याला एवढंच जमायचं.

वर्षभराने एका रविवारी पाळकांनी धन्याने वापरायला दिलेलं धन जपायचं म्हणून जमिनीत पुरून ठेवणाऱ्या आणि त्यासाठी धन्याची बोलणी खाणाऱ्या चाकराचा दाखला सांगितला. शेवटचं गीत काकू गायल्याच नाहीत. बाहेर पडताना त्यांना घंटेवाल्याच्या कोटाचं कोपर दिसलं. दोरीच्या आकड्यात अडकून ते फाटलं होतं.

"काढ तो कोट."

"पण डोळे, काकू..."

"डोळे माझे आहेत की डॉक्टरांचे?" चार पावलं जाऊन त्या थांबल्या. "माझे तरी कुठे आहेत म्हणा."

घरी सुनेने कपाळाला हात लावला. "आई, उद्या दिसेनासं झालं तर मला बोल लावू नका."

"मग तूच बस. डोळे तुझे, बोटं माझी."

सुनेचं पहिलं विणकाम चाचपून काकू म्हणाल्या, "हे रफू नाही, कोळिष्टक आहे."

"शिकवणारीला विचारा," सून म्हणाली आणि उसवायला बसली.

महिनाभर घंटेवाला थंडीत कुडकुडला. कोट आला, तेव्हा त्याने दोन्ही कोपरं खिडकीशी धरून पाहिली. फाटकं कुठेच दिसेना. कुणा दुसऱ्याचा कोट आला असावा, असं समजून त्याने तो परत नेला.

"खिशात बघ की," काकू म्हणाल्या. खिशात त्याच्याच खोकल्याच्या गोळ्या होत्या.

काकूंनी कोपरावरून हळूच बोट फिरवलं, एका जागी थांबवलं. "इथे. सुनेने केलंय. मी नुसती कटकट केली." मग बोट पुढे सरकलं. "हे बटण सैल झालंय. पुढच्या रविवारी आण."

"आणतो," घंटेवाला म्हणाला.