जाहिरातीवरचा आहेर

“हात मागं घ्या! कोणी बटन दाबू नका, नारळ फुटाचा हाये अजून!”

अकोल्याच्या सायबर कॅफेत मामा इतक्या जोरात ओरडला, की तिकडे मूर्तिजापूरच्या फलाटावरची गाडी सिग्नल नसतानाच सुटली असावी.

समोरच्या पडद्यावर माझा ब्लॉग होता, मागं आमचं सगळं गणगोत. पडद्याला हळद-कुंकू, कीबोर्डात अक्षता. कॅफेवाले चाचा हात जोडून म्हणत होते, “भाऊ, नारियल बाहर फोडो. अंदर वायरिंग है.”

हा सोहळा कशाचा, ते सांगतो. मामाचं अकोल्यातच बियाण्या-खताचं दुकान होतं. कापसाच्या मुलखाचे ते दिवस वाईट होते. माणसं दुकानात यायची, बाकावर टेकायची, आजचा भाव विचारायची आणि काहीही न घेता उठून जायची. त्या दुकानाच्या गादीवर मला बसवायचं, असं बाबांनी आणि मामानं मला न विचारता ठरवलं होतं. मी म्हटलं, लोकांना भावच हवेत ना? मग मी भावांचा ब्लॉग काढतो, जाहिरातींवर चालवतो. बाबांनी दिवाळीपर्यंत मुदत दिली. तोवर जाहिरातीचा पहिला चेक आला तर मी सुटलो. नाहीतर गादी.

अमरावतीच्या माझ्या खोलीत बसून मी ब्लॉगसाठी जागा शोधू लागलो. राजापेठेत भाड्याची खोली शोधण्यात आणि यात काडीचा फरक नाही. पहिली वेबसाइट दिसायला बंगला, पण मालकीण कडक. भिंतीला खिळा ठोकायचा नाही, म्हणजे आपला कोड घालायचा नाही. आणि मला तर ब्लॉगच्या माथ्यावर कापूस, तूर, सोयाबीनच्या भावांची सरकती पट्टी हवी होती! दुसरीकडे खिळे ठोका हवे तेवढे, पण दारावर पाटी नको, जाहिरात बंद. तिसरीकडे दोन्ही चालायचं, पण ती इतकी अवघड, की मी तीन दिवस तिच्या जिन्यातच हिंडत होतो. चौथी मात्र साधी, टिनाच्या छपराची म्हणा ना. खिळा ठोका, पाटी लावा, कोणी हूं की चूं करत नाही. तिथं मी असा काही कोड ठोकला, की पहिल्या दिवशी पट्टी सुसाट पळाली आणि तुरीचा भाव वाचता वाचता माझी मान आठवडाभर वाकडी राहिली. मग तिला लगाम घातला. जाहिराती पुरवणाऱ्या कंपनीनंही अर्ज मंजूर केला. नियम लांबलचक होते. ते न वाचता मी खाली ‘मान्य आहे’वर टिचकी मारली. वाचणारा वऱ्हाडी मला अजून भेटायचा आहे.

तर उद्घाटनाचा नारळ बाहेर फुटला, खोबरं वाटून झालं. मामानं विचारलं, “हे कंपनीवाले पैसे कायचे देतेत तुले?”

मी गाढव. खरं सांगून बसलो. “जाहिरातीवर कोणी दाबलं की देतात.”

“मंग आदी बोलला काहून नाही बे? भाच्याचं कार्य, अन् मामा रिकाम्या हातानं जाईन?”

मामानं बाह्या सरसावल्या आणि दाबलं. मोजून एकवीस वेळा. हे आत्याच्या जिव्हारी लागलं. “आईकडचे एकवीस देतेत, अन् आमी बापाकडचे काय मेलो का?” म्हणत तिनं एकावन्न दाबले. मधेच स्वित्झर्लंडची सहल उघडली, तर मागं वळून म्हणाली, “इथं भाकर भेटते का रे?” टकले काका केस उगवायच्या तेलावर असे अडकले, की दोघांनी धरून उठवावं लागलं. रांग रस्त्यापर्यंत गेली. चाचा ओरडत होते, “अरे भाई, माउस है, हँडपंप नहीं!” आणि गर्दी ओसरल्यावर त्यांनीच हळूच अकरा दाबले. “हमारी तरफ से भी.”

आठव्या दिवशी कंपनीचं पत्र आलं. एकाच ठिकाणाहून संशयास्पद दाबादाबी झाल्यानं खातं कायमचं बंद. मी रात्रंदिवस खपून उलट पत्र लिहिलं. आहेर म्हणजे काय, मामाचा मान काय, आत्याचा स्वभाव काय, सगळं कळवलं. आत्याचे एकावन्न कापा, पण चाचांचे अकरा तरी ठेवा, अशी तडजोडही सुचवली. दोन ओळींत नकार आला.

दिवाळी चार दिवसांवर होती. बाबा पेपर वाचत होते. मी समोर जाऊन उभा राहिलो.

“बाबा, पट्टी अजून धावून राहिली. फक्त जाहिराती गेल्या. आता सोमवारपासून मी काय करू?”

बाबांनी पान उलटलं.

“सोमवारी दुकान बंद असते. मंगळवारी जाजो.”