शेपूट दिसल्याशिवाय

कवळ्या बनवणाऱ्याला गिऱ्हाइकाचं तोंड कधी बघायला मिळत नाही. दातांचे डॉक्टर हिरड्यांचा साचा पाठवून देतात आणि हा जिन्याखालच्या खोलीत मेण वितळव, दात बसव, घासून गुळगुळीत कर, असं करत दिवस काढतो. खोलीत प्लास्टरची पांढरी धूळ इतकी, की संध्याकाळी घरी येताना तो पिठाच्या गिरणीतून निघाल्यासारखा दिसायचा. एखाद्या समारंभात कुणी मोठ्यानं हसलं, की तो बायकोकडे वाकून हळूच म्हणायचा, "ते माझे." बायको म्हणायची, "गप्प बसा, ऐकू जाईल." आयुष्यभराच्या कारागिरीचं जे काय कौतुक झालं ते एवढंच.

महिन्यातल्या एका रविवारी मात्र त्याला शेपूट म्हणत, आणि ते त्याला फार आवडायचं.

त्या रविवारी चारपाच जण मोटारसायकली काढून शहराबाहेर पडायचे. सगळ्यांत पुढे विमा एजंट. त्याला रस्ते पाठ होते आणि मागे वळून बघायची सवय नव्हती, म्हणून तो पुढारी. त्याच्यामागे बेकरीवाले दोघे भाऊ. आठवडाभर एकाच भट्टीसमोर एकमेकांचं तोंड बघून ते इतके विटलेले असायचे, की रस्त्यावर चुकूनही शेजारी शेजारी गाडी चालवायचे नाहीत. मग गणिताच्या बाई. बाईंची मोटारसायकल हेडमास्तरांच्या कारपेक्षा महाग आहे अशी शाळेत वदंता होती आणि बाईंनी ती कधी खोडून काढली नाही. आणि सगळ्यांच्या मागे, जुन्या, फटफटणाऱ्या गाडीवर, पंक्चरचं सामान, दोरी, जादा प्लग आणि बाटलीभर पेट्रोल घेऊन आपला कवळीवाला.

मागून त्याला सगळे दिसायचे. थोरल्या बेकरीवाल्याची कंबर धरली की तो उजवीकडे कलायचा. बाई चिडल्या की त्यांची मान ताठ व्हायची. पुढाऱ्याला भूक लागली की त्याची कोपरं बाहेर यायची. माणसांच्या पाठी इतक्या बोलक्या असतात हे त्याला या रविवारांनीच शिकवलं होतं. आणि आपण मागे आहोत म्हणून हे सगळे बिनघोर चाललेत, या विचारानं त्याला जे समाधान मिळायचं, ते एकाही कवळीनं दिलं नव्हतं.

त्यांचा एक नियम होता, तोही शेपटानंच घालून दिलेला. रस्ता वळला की पुढाऱ्यामागचा पहिला गडी त्या वळणावर थांबणार, मागच्यांना हातानं रस्ता दाखवणार आणि शेपूट येईपर्यंत तिथून हलणार नाही. शेपूट दिसलं की मगच निघणार, तेही शेपटाच्या पुढे. पुढच्या वळणावर दुसरा कुणी थांबणार. असं केलं की रस्ता माहीत नसला तरी कुणी चुकत नाही, आणि कुणी पडलं-बिडलं तर मागून शेपूट येणार हे ठरलेलं असतं. शेपूट दिसल्याशिवाय हलायचं नाही. एवढाच नियम, पण बाईंनी तो एकदा भर उन्हात तास दीड तास पाळून दाखवला होता.

त्या खेपेला जावई पहिल्यांदाच आला. लग्नाला दोनतीन महिने झाले होते. जावई मोठ्या इस्पितळात नर्स होता. हे सांगताना सासऱ्याची जीभ अडखळायची, म्हणून तो "जावई इस्पितळात असतो" एवढंच म्हणायचा आणि लोक काळजीनं विचारायचे, "अरे, काय झालंय त्यांना?" दोघं एकमेकांना अहो-जाहो करायचे आणि हवापाण्यापलीकडे त्यांचं बोलणं जायचं नाही. "बाबांबरोबर एकदा जाऊन तर ये," असं मुलीनं टुमणं लावलं म्हणून तो आला होता. नवा म्हणून त्याला पुढाऱ्याच्या मागे ठेवलं.

हायवेवरच्या ट्रकांतून आणि धुरातून वाट काढत ते डोंगराच्या पायथ्याशी चहाला थांबले. इथून डावीकडे आत शिरलं, की डोंगर चढून पलीकडच्या तलावापर्यंत छोटा रस्ता होता. कवळीवाला हात धुवायला टपरीच्या मागे गेला. पत्र्याच्या पलीकडचं सगळं ऐकू येत होतं.

"पुढच्या महिन्यापासून ही यंत्रं कानात घालायची," पुढारी सांगत होता. "मी बोलेन, सगळ्यांना ऐकू जाईल. वळणावर खांबासारखं उभं राहायला नको."

"आणि शेपूट?" थोरल्या बेकरीवाल्यानं विचारलं.

"शेपूट कशाला लागतंय मग? चालवेल कुठेतरी मधे. वय झालं आता त्याचं. गाडी बघितली ना, कशी रखडते?"

कुणीतरी हसलं. बाई म्हणाल्या, "त्यांना आधी विचारा तरी." जावयाचा नुसता चहाचा भुरका ऐकू आला, आणि सासऱ्याच्या जिव्हारी लागलं ते हेच.

तो बाहेर आला तेव्हा सगळे हेल्मेटं चढवत होते. त्यानंही चढवलं. एकेक गाडी डावीकडे वळून चढाला लागली. त्यानं नेहमीप्रमाणे बाकावर कुणाचं काही राहिलंय का ते पाहिलं, बाईंचा गॉगल राहिला होता तो खिशात घातला, गाडी सुरू केली, आणि डावीकडे न वळता आल्या वाटेनं, हायवेनं घराकडे माघारी निघाला.

डोक्यात राख घालून घेतलेला माणूस बऱ्यापैकी गाडी चालवतो, हे इथे नमूद करायला हवं. कंटेनरला बगल दे, बसला वाट दे, सगळं नीट चाललं होतं. पुढे एकही ओळखीची पाठ नव्हती. आता मोकळं वाटेल असं त्याला वाटलं होतं, ते काही वाटलं नाही. करतील फोन, विचारतील, मग सांगू की पोट बिघडलं, असं तो घोकत राहिला. डोंगरात फोन लागत नाही हे त्याच्या ध्यानातच आलं नाही.

घरी बायको इस्त्रीचे कपडे वेगळे काढत बसली होती. तिनं घड्याळाकडे पाहिलं, मग त्याच्याकडे.

"इतक्यात?"

"आलो."

"बाकीचे?"

"गेले पुढे."

तो पंख्याखाली बसला आणि बूट काढायला लागला. बायकोनं हातातला शर्ट खाली ठेवला. इतकी वर्षं रविवार संध्याकाळी तिनं त्या नियमाचं पुराण ऐकलं होतं, तिला तो त्याच्यापेक्षा पाठ होता.

"तुम्ही इथे," ती म्हणाली, "तर मग पहिल्या वळणावर कोण उभंय?"

त्यानं मनात वळणं मोजली. पहिल्या वळणावर पुढाऱ्यामागचा पहिला, म्हणजे जावई. दुसऱ्या वळणावर थोरला बेकरीवाला, तिसऱ्यावर धाकटा, चौथ्यावर बाई. आणि पुढारी तलावापाशी एकटाच. सगळ्या डोंगरभर एकेक माणूस एकेका वळणावर पेरलेला, आणि सगळे त्याची वाट बघत ढिम्म उभे. यातला एकही हलणार नाही, कारण हलायचं नाही हे त्यानंच त्यांच्या डोक्यात इतकं ठोकून बसवलं होतं.

"जावयाला उन्हात उभं करून सासरा पंख्याखाली," बायको म्हणाली. "लेकीला काय सांगू मी? काय झालं काय एवढं?"

"मला काढून टाकतायत."

"कशावरून?"

"शेपटावरून."

बायको हसली नाही. हसली असती तर बरं झालं असतं असं त्याला वाटलं. "जा," ती म्हणाली. "आधी त्यांना गोळा करून आणा. काढायचं की ठेवायचं ते मग बघतील."

तो बुटाच्या नाड्या नीट न बांधताच निघाला. आल्या रस्त्यानं परत, तेच ट्रक, तोच धूर. टपरीपाशी त्यानं डावीकडचा छोटा रस्ता धरला. चढावर दोन्ही बाजूंना गुडघाभर गवत वाऱ्यानं झोपत होतं आणि खाली दरीत शेतांचे हिरवे-पिवळे तुकडे दिसत होते. एरवी तो इथे हमखास वेग कमी करायचा. आज त्याला फक्त वळण दिसत होतं, आणि वळणावर उभा असलेला जावई काय बोलेल ते.

पण वळण यायच्या बरंच आधी, ओढ्यावरच्या पुलापाशी, जावयाची गाडी दिसली. गाडीवर हेल्मेट होतं, माणूस नव्हता. आपली गाडी कशीबशी स्टँडवर लावून कवळीवाला कठड्यावरून खाली वाकला.

खाली ओढ्यात जावई उभा होता. गुडघ्याच्या वरपर्यंत भिजलेला, तळहातांना खरचटलेलं. वाकून पुलाखालच्या अंधारात बघत होता आणि हाक मारत होता, "बाबा! ओ बाबा!"

"काय शोधताय तिथे?" वरून सासऱ्यानं विचारलं. दुसरं काही सुचलंच नाही.

जावयानं वर पाहिलं. मग झुडपं धरत धरत वर आला, कठड्यावर बसला आणि आधी सासऱ्याचा हात ओढून नाडी बघितली. सवयच ती.

"कुठे लागलं नाही ना?"

"नाही."

"गाडी घसरली?"

"नाही. मी घरी गेलो होतो," कवळीवाला म्हणाला. खोटं बोलायची सोय होती, पोटाचं कारण तयार होतं, पण त्या भिजलेल्या पँटीकडे बघून ते तोंडातून निघेना. "रुसून गेलो होतो. चहाच्या वेळी तुमचं सगळ्यांचं ऐकलं मी."

जावयानं हात सोडला. मग इतके दिवस हवापाण्यावर बोलणारा तो माणूस सासऱ्यावर असा काही बरसला, की कठड्यावरचे पक्षी उडाले.

"मी वळणापासून जागोजागी उतरून खाली बघत आलोय! जागोजागी! तुम्हाला माहितीये आमच्याकडे कसे येतात लोक? हातपाय मोडून मरत नाहीत, बाबा. वेळेवर कुणी शोधत नाही म्हणून मरतात. गवतात पडून राहतात. मी तासभर उभा होतो तिथे, नियम आहे म्हणून. मग म्हटलं गेला खड्ड्यात तुमचा नियम. सगळ्यांच्या मागे तुम्ही, तुम्ही पडलात तर तुमच्या मागे कोण आहे? याचा विचार केलाय का कधी तुम्ही?"

केला नव्हता. इतकी वर्षं शेपूट होऊन सुद्धा हा प्रश्न त्याला एकदाही पडला नव्हता. त्याला शरम वाटली, भरपूर वाटली, आणि त्याच वेळी आपल्याला कुणीतरी ओढ्यात उतरून हाका मारत होतं याचा आनंदही झाला. हा आनंद चेहऱ्यावर दिसू नये म्हणून तो खाली बसून बुटाची नाडी बांधू लागला.

"चल," शेवटी तो म्हणाला. त्याच्या तोंडचं अहो-जाहो कधी गळून पडलं ते दोघांनाही कळलं नाही. "बाकीचे वाळत असतील वर. तू हो पुढे, मी येतो मागून."

"मागून नाही," जावई बुटातलं पाणी ओतत म्हणाला. "तुम्ही पुढे. मागे मी."

"अरे, पण सामान माझ्याकडे—"

"ते द्या इकडे."

पुढाऱ्यानं पत्र्यापलीकडे म्हटलं होतं तेव्हा कवळीवाल्याच्या अंगाचा तिळपापड झाला होता. आता तीच जागा कुणी तोंडावर मागत होतं, आणि नाही म्हणायला त्याला तोंड नव्हतं. त्यानं डिकी उघडली आणि पंक्चरचं सामान, दोरी, प्लग, पेट्रोलची बाटली, एकेक करून जावयाच्या हातात दिलं. शेवटी बाईंचा गॉगलही दिला.

पहिलं वळण रिकामं होतं. दुसऱ्यावर थोरला बेकरीवाला दगडावर बसून स्वतःच्याच बेकरीची बिस्किटं संपवत होता. "कुठे उलथला होतास?" तो ओरडला, आणि उत्तराची वाट न बघता गाडीवर बसून पुढे निघाला. धाकट्यानं हेल्मेटची काच खाडकन खाली ओढली. बाईंची मान दुरूनच ताठ दिसत होती; त्यांनी हातानंच त्याला पुढे काढलं आणि स्वतः त्याच्या मागे लागल्या.

तलावाकाठी पुढारी हातवारे करत येरझारा घालत होता. इतका वेळ एकट्यानं काढल्यामुळे त्याच्याकडे बोलायचं पुष्कळ साठलं होतं. सगळ्यांत आधी त्यानं गाड्या मोजल्या, मग कवळीवाल्याला रांगेच्या मधे बघून त्याचा चेहरा पडला.

"तू मधे कसा? मग शेपूट कुठाय?"

"येतंय," कवळीवाला म्हणाला. "मी दिसेनासा झालो की ते थांबून आधी खाली बघतं, म्हणून वेळ लागतो."